तेलाविना तळलेली टर्की

धुळवडीचं मटण आमच्या रेणापूरच्या शेतात मीच शिजवतो. आदल्या दिवशी नांदेडहून आक्काच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा फोन आला. "उद्या मटण कमी आणा, मी टर्की आणून राहिलोय." तेव्हाच मला शंका आली. दाजींवर शंका घ्यायला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या सोयऱ्यांच्या गळ्यात पाणी शुद्ध करायची मशीन मारली होती. माझ्या घरातली महिनाभरात बंद पडली.

सकाळी त्यांची गाडी आली. आधी पक्षी उतरला. अहमदपूरकडच्या कुणा पाळणाऱ्याकडून साफ करून आणलेला, चांगला पाच किलोचा. आई त्याच्याभोवती फिरली.

"हे कोंबडं हाय का गिधाड?"

मग पिंपासारखा काळा ड्रम उतरला. दुहेरी भिंती, खाली गॅसची शेगडी, आत जाळीची टोपली.

"यात तेल टाकायचंच न्हाई," दाजी म्हणाले. "भिंती तापतात, त्या गरमीनं चारी बाजूंनी भाजतं."

"मग तळलं कसं म्हनायचं?" आईने विचारलं.

"आपलं म्हनायचं."

माझी खात्रीच पटली. हा मालाचा नमुना होता. जेवणं झाली की बोलणं निघणार. मी मटणाच्या चुलीपाशी बसून त्यांच्यावर नजर ठेवली.

विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करून त्यांनी ड्रम मांडला. टर्कीला आतून-बाहेरून मीठ, आलं-लसूण आणि आक्काच्या हातचा काळा मसाला चोळला. सिलिंडर मात्र मला उचलायला लावला. एरवी ज्वारीचं पोतं एकट्याने गाडीत टाकणारा माणूस! पुढे मटणाला तर्री सुटली, वास शेतभर गेला, तरी ते चुलीकडे फिरकले नाहीत. दर धुळवडीला पहिली वाटी त्यांचीच असायची. मीच वाटी भरून नेली.

"नको," ते म्हणाले.

"एजन्सी घेतली म्हणून आता आमचं तेल चालत न्हाई का?"

"कसली एजन्सी?"

"या ड्रमाची. खरं सांगा दाजी, किती जणांना दाखवून झाला?"

ते हसले नाहीत. त्यांनी आधी शेडकडे बघितलं. तिथे आक्का भाकरी थापत होती. मग शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"दिवाळीनंतर दुकानाचा माल आणायला हैदराबादला गेलतो ना, तवा चार दिवस दवाखान्यात होतो. स्टेंट टाकलाय. तर्री, तळलेलं, वजन उचलणं, समदं बंद."

"आक्काला?"

"न्हाई सांगितलं. तेल बंद कर म्हनलं की ती कारण विचारणार. त्यापरीस नव्या मशीनचा नाद लागलाय म्हनलं की तिला पटतं. मी असाच हाय, हे तिला ठाऊक हाय."

मला स्वतःची लाज वाटली, आणि लगोलग त्यांचा रागही आला. मी म्हणालो, "जेवायच्या आधी तुम्ही सांगा. न्हाईतर मी सांगतो."

दीड तासाने टोपली वर आली. कातडी तांबूस, कुरकुरीत झाली होती. मांडीत सुरी खुपसली तर स्वच्छ रस आला. ताटं मांडली. आक्का पळी घेऊन दाजींच्या ताटात तर्री घालायला वाकली, तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि खाली बघतच सगळं सांगून टाकलं.

आक्काची पळी तशीच राहिली. "चार दिवस तुम्ही दवाखान्यात होता?"

"हाव."

"सोबत कोण होतं?"

"दुकानातला माणूस."

"म्हंजे त्याला ठाऊक होतं. मला न्हाई."

तिने पळी भांड्यात ठेवली, टर्कीची एक मांडी तोडून त्यांच्या ताटात टाकली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. आईने तुकडा तोडला. "छातीचं कोरडं हाय, मांडी बरी हाय," एवढंच बोलली. मी ताट घेऊन आक्काकडे गेलो. तिने तिथेच बसून सगळं खाल्लं. निघताना तिने दाजींच्या खिशातली गोळ्यांची पट्टी काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

आठवड्याने तिचा फोन आला. दाजी रोज सकाळी चालायला जातात, म्हणाली, आणि ती सोबत जाते. "आता एकटं सोडत न्हाई मी." मग म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं. टर्की भाजताना."

"खरं सांग."

"देवाशप्पथ."

"सिलिंडर तूच उचलून दिलास ना? मी बघितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अजूनही भेटलो की ती हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते, आणि मी उत्तर देत असताना माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहते.