काना गावची रांग आणि माझा मोठा आवाज

आधी माफी मागून घेतो. माझी शाळा नववीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं तर तुम्हीच मनात दुरुस्त करून वाचा. भारी शब्दही मला येत नाहीत. आमच्या छावणी भागात गाड्यांची पंक्चरं काढतो, तिथं त्यांची गरज पडत नाही. पण माझ्या हातून परदेशात असा एक घोटाळा झालाय, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, मग मधेच थांबतं.

झालं असं, की आमच्या चर्चची माणसं पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. बेथलेहेम, नासरेथ, यरुशलेम, सगळं बघायचं. नावं खरं तर आई आणि बाबांची होती. दोघं वर्षानुवर्षं ठरवत होते. पण निघायच्या आधीच आई गेली, आणि तिच्या जागेवर मी बसलो. मी, ज्याला पानटपरीवर सुटे मागायला लाज वाटते!

माझी ताई सिल्लोडला दिलीय. निघताना तिनं बजावलं, "बाबांना एकटं सोडू नको. आई गेल्यापासून लई विसरतात." आता मला एखादं काम सांगितलं, की मी ते जरा जास्तच करतो. बाबा चपला काढायला वाकले तरी मी त्यांचा दंड धरायचो.

आणि तुम्हीच सांगा, शंका येणार नाही का? बसमध्ये बाबा खिडकीकडं तोंड करून पुटपुटत बसायचे. मी वळलो की गप्प. दर घटकेला छातीचा खिसा चाचपायचे. एकदा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलत होते, मी जवळ गेलो तर लगेच हवापाण्याचा विषय काढला. मी मनात म्हटलं, झालं. म्हातारा हातचा गेला.

घाबरून मी बसमधल्या शालिनीमावशीला सांगितलं. म्हटलं, फक्त तुला सांगतोय. आमच्या चर्चमध्ये "फक्त तुला" म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. नासरेथ येईपर्यंत बसच्या अरबी ड्रायव्हरलासुद्धा कळलं होतं. तो बाबांना हात धरून उतरवायला लागला. बाया बाबांना बदाम चारायला लागल्या. शालिनीमावशी तर प्रत्येक ठिकाणी समोर उभी राहून विचारायची, "भाऊ, मी कोण, सांगा बरं?"

बाबा टेलर. शेवटी वैतागून म्हणाले, "शालिने, तुझे ब्लाऊज उसवून उसवून माझे डोळे गेले. तुला कसा विसरंल मी?"

सगळे हसले. माझी काळजी काही कमी झाली नाही.

त्या दिवशी काना गावाला जायचं होतं. प्रभू येशूनं एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, ते हे गाव. तिथं एक रीत आहे. यात्रेला आलेली जोडपी चर्चमध्ये उभी राहून लग्नाची वचनं पुन्हा घेतात. पाळकसाहेबांनी बसमध्ये ते समजावून सांगितलं होतं.

सकाळी बाबांनी बॅगेच्या तळातून लग्नातला कोट काढला. स्वतः शिवलेला, काळा. बाहेर ऊन असं, की आपल्याकडचा मे महिना बरा म्हणावा. मला विचारतात, "भांग सरळ पडलाय का रे?" भांग पाडायला डोक्यावर केस तरी हवेत!

कानाला उतरलो. पाळकसाहेब पुढं आत गेले. अंगणात जोडप्यांची रांग लागली. बाया पदर नीट करतायत, पुरुष उगीच हसतायत. मी पाण्याची बाटली आणायला गेलो आणि वळून बघतो तर बाबा रांगेत! सगळ्यांच्या शेवटी, कोटाची बटणं लावून, डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून उभे.

मी धावलो. जन्मात कधी मोठ्यानं बोललो नाही, पण त्या दिवशी आवाज कुठून फुटला कोण जाणे. अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं.

"बाबा, ही जोडप्यांची लाईन आहे. आई नाय आता. आई गेली, आठवतं का?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"आठवतं," म्हणाले, आणि माझ्याबरोबर बाहेर आले.

मी त्यांना सावलीत बसवून डाळिंबाचा रस पाजला. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणे, पोरगा असावा तर असा. आणि मी मान खाली घालून ते कौतुक घेत होतो, बघा.

संध्याकाळी हॉटेलात जेवताना पाळकसाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुझे बाबा का नाही आले रे आत? घरून निघायच्या आधीच मला विचारलं होतं त्यांनी, एकट्याला उभं राहता येतं का. मी म्हटलं, या, सगळ्यांच्या शेवटी उभे राहा. मी वाट बघत होतो."

हातातला घास ताटात पडला.

खोलीत आलो तर बाबा कोटाची घडी घालत होते. खिशातून काढलेलं आईचं मंगळसूत्र, बारीक क्रूस असलेलं, उशीवर ठेवलं होतं.

"मला सांगायचं ना, बाबा."

"तुला सांगितलं असतं, तर तू ताईला सांगितलं असतं. तिनं फोनवर रडारड केली असती."

"मग रांगेत तरी सांगायचं."

"तू एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोललास. म्हटलं, पोराला अडवू नये."

"आणि ते पुटपुटणं?"

"पाठ करत होतो. लग्नात घाबरलो होतो मी. 'सुखात आणि दुःखात' म्हणायचं, तर दोन्ही वेळा 'दुःखात'च म्हणालो. तुझी आई जन्मभर टोमणे मारायची. ह्यांनी मला सुखात ठेवायचं वचनच दिलं नाही, म्हणायची." घडी नीट होती, तरी त्यांनी ती पुन्हा घातली. "एकदा तिला बरोबर म्हणून दाखवायचं होतं."

बस दुसऱ्या दिवशी यरुशलेमला निघणार होती. कानाला परत जाणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याच्या खोलीत, भरल्या टेबलांसमोर उभा राहिलो. पाळकसाहेबांना म्हटलं, हॉटेलच्या मागं गालीलाचा समुद्र आहे, तिथं घ्याल का बाबांचं वचन? साहेब चहा तसाच ठेवून उठले. मागोमाग सगळी बस उठली.

काठावर बाबा कोट घालून उभे राहिले, मंगळसूत्र मुठीत. साहेबांनी लग्नाच्या रीतीप्रमाणं विचारलं, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. सगळी मंडळी वळून माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. नाय, हरकत नाय.

बाबांनी वचन म्हटलं. "सुखात" आधी, स्पष्ट. मग "दुःखात". पुढं 'मरण वेगळं करीपर्यंत' हे वाक्य आलं आणि साहेब अडखळले.

"ते झालंय, साहेब," बाबा म्हणाले. "पुढचं घ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं. मी आपला मोठ्यानं "आमेन" म्हणून मोकळा झालो.

बाबा मागं न बघता म्हणाले, "थांब रे. अजून तुझ्या आईच्या वाटचं वचन म्हणायचं राहिलंय."

मी तोंड मिटलं आणि तिचं होईपर्यंत उभा राहिलो.