कांबळेकाकांची गाडी मऊ करताना

गाडी लिफ्टवर चढली की मालकाला काही काम उरत नाही. तो स्टूल ओढतो आणि बोलायला लागतो. भोसरीत मी अठरा वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, त्यामुळे किस्से उतू जातील एवढे साठलेत राव. बहुतेक हसण्यावारी नेण्यासारखे. कांबळेकाकांच्या गाडीचे तेवढे वेगळे. ते मी टपरीवर सांगत नाही.

*

जुनी, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. भंगारात निघालेली, काकांनी घेऊन उभी केलेली. चालवत आणली ती त्यांच्या मुलीने, सुजाताने; काका तिच्या शेजारी.

"दादा, ही मऊ करून द्या. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात धक्का चालणार नाही. आणि बाबा म्हणतात, बसेन तर ह्याच गाडीत."

आमचे म्हातारे फिटर बबनमामा एक चक्कर मारून आले. "ही गाडी न्हाई, जातं हाय," म्हणाले.

काका हसले. शुगरमुळे त्यांची नजर पार गेलेली. गाडी वर घेतल्यावर त्यांनी चाचपडत स्प्रिंगवर हात ठेवला. "ह्या माझ्याच हातच्या. तीस वर्षं कारखान्यात स्प्रिंगाच वळल्या. ह्या मुद्दाम ताठ ठेवल्या. दिसायचं कमी झालं, तसा मी रस्ता बुडाने वाचायला लागलो."

*

कामाआधी गाडी किती आदळते ते बघायला सकाळीच निघालो. मी चालवायला, काका हट्टाने डावीकडे, पाठीला पट्टा बांधून. मोशीवरून चाकणच्या दिशेने. काका सांगत होते, "हा पुलाचा जोड. आता नवीन डांबर. इथे ड्रेनेजचं झाकण." एकही चुकलं नाही.

पुढे मी आतल्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना गोडाउनच्या भिंती, रस्ता अगदी सपाट.

"हळू घे," काका म्हणाले. "तीन ब्रेकर आहेत. शाळा आहे ना."

ब्रेकर नव्हते, शाळाही नव्हती. तरी मी वेग कमी केला. काकांची मान तीनदा हिंदकळली. माझी नाही.

*

परत आल्यावर मामांना सांगितलं. त्यांची सासुरवाडी तिथलीच. त्यांनी हात पुसले.

"शाळा व्हती तिथं. गोडाऊनं यायच्या आधी. पोरं रस्त्यावर धावायची, म्हनून गावानं तीन बिरेकर घातलेले."

मी सुजाताला फोन केला. काका पूर्वी तिकडे जायचे का, विचारलं.

"बाबा? नाही हो. त्या बाजूला आमचं कोणीच नाही."

*

काम झालं. बारीक तारेच्या नव्या स्प्रिंगा घातल्या, शॉकअपमध्ये पातळ तेल भरलं, टायरची हवा थोडी उतरवली. पुन्हा काकांना घेऊन निघालो. गाडी अशी चालली की दाढी करून घ्यावी.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "आपण निघालो का?"

काटा साठवर होता.

मला हसू आलं, मग त्यांच्याकडे लक्ष गेलं. दार घट्ट धरलेलं, कपाळावर घाम. "काहीच लागत नाही रे. कापसात बुडाल्यासारखं वाटतंय." ह्या माणसाचे डोळे दुसऱ्यांदा गेले आणि ते मी घालवले, असं वाटलं. मी जवळच्या रस्त्याने गाडी परत वळवली. तो त्याच गोडाउनांमधून जातो.

काकांनी दार सोडलं. "हां," ते शांतपणे म्हणाले. "एक. दोन. तीन."

*

टेस्टला जाताना आम्ही चारही शॉकअपच्या दांड्यांवर प्लास्टिकचा टाय बांधतो. चाक जेवढं वर दबेल तेवढा टाय सरकतो आणि तिथेच राहतो. गाडी किती दबली ते नंतर वाचता येतं.

तीन टाय बोटभर सरकले होते. चौथा, काकांच्या सीटपुढच्या चाकाचा, पार वर जाऊन चेपला होता.

मामांनी तो पाहिला आणि कटरने तोडून टाकला. "वाचू नगं," म्हणाले.

*

मी काकांना म्हटलं, जुन्या स्प्रिंगा परत घालतो. ते नको म्हणाले. "पोरीचं ऐकायला पाहिजे. तिने दवाखान्यात रात्री काढल्यात." गाडी रहाटणीला त्यांच्या सोसायटीत गेली. सुजाताला कामामुळे वेळ नसायचा, म्हणून काका रोज सकाळी पार्किंगमध्ये उतरायचे आणि बंद गाडीत डाव्या सीटवर तासभर बसून यायचे. दाराला कुलूप नसायचं; किल्ली मात्र सुजाताच्या पर्समध्येच असायची.

पंधरा दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. मागे पोकलेनची घरघर ऐकू येत होती.

"दादा, मी कामासाठी राजगुरुनगरला आलेय. सकाळी बाबा खालून वर आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, राजगुरुनगरच्या अलीकडे डावी बाजू खणलीय, सांभाळून जा. मी म्हटलं, बातम्या ऐकल्यात वाटतं. तर म्हणाले, नाही, आत्ताच जाऊन आलो. खड्ड्यातून गेलो तरी पाठीला कळलं नाही."

मग म्हणाली, "मी आता त्या खड्ड्याजवळच उभी आहे. इथल्या माणसाला विचारलं. खोदाई आज सकाळी सातला सुरू झाली म्हणतो. बाबा वर आले ते साडेसातला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही गाडीला नक्की काय केलंत?"

"ताई," मी म्हटलं, "फक्त मऊ केली."