चंद्रावर पडलेले लिमये काका

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आणि माझा नसला तर एकवेळ चालेल... पण माझ्या बाबांचा तर नाहीच नाही. बाबा नागपूरकडच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीत खेडोपाडी जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवायचे, नारळातून 'करणी' काढून दाखवायचे, आणि मग ती कशी काढली तेही समजावून सांगायचे. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळातच घरातले देव गेले, आणि भुतं तर त्यांच्याही आधी गेली असावीत. लहानपणी मी अंधाराला घाबरलो की बाबा म्हणायचे, "काहून घाबरतो बे? दिवा लाव अन् पाहून घे." संपला विषय.

तर अशा घरातला मी. हा अनुभव आम्ही दोघांनी घेतलेला आहे, म्हणून लिहितोय.

आयटीत धडाधड नोकऱ्या लागत होत्या त्या दिवसांतली गोष्ट. मी हडपसरला एका कंपनीत टेस्टिंगला होतो. बाबा रिटायर होऊन नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. फ्लॅट भाड्याचा. आडनाव ऐकल्यावर "कळवतो हं" म्हणणारे बरेच घरमालक झाल्यावर ही जागा मिळाली होती, त्यामुळे सोसायटीत मी जरा जपूनच वागायचो. आमची ए-विंग चार मजली आणि मागची बी-विंग सात मजली. हे मजले कृपया लक्षात ठेवा.

ऑफिसातला एक सहकारी ऑनसाइटला अमेरिकेला गेला. जाताना त्याने स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात मारली. साडेचार इंची आरशाचं, पांढरं, लांबलचक नळकांडं. आठवडाभर मी आणि बाबांनी डोळा लावून चंद्र पाहिला. मग मला कीड लागली... फोटो काढायची.

तेव्हा दुर्बिणीला जोडायचे खास कॅमेरे आपल्या आवाक्यातले नव्हते. पण इंटरनेटवर एक जुगाड सापडलं होतं. साधा वेबकॅम उघडायचा, त्याचं पुढचं भिंग काढून टाकायचं आणि उरलेली चिप सरळ दुर्बिणीला डोळा लावतो तिथे बसवायची. म्हणजे दुर्बीणच कॅमेऱ्याचं भिंग होते. आता बसवायची कशी? तर कॅमेऱ्याच्या रोलची ती काळी प्लॅस्टिकची डबी असायची बघा, ती डोळा लावायच्या छोट्या नळीत अगदी चपखल बसते. डबीच्या बुडाला भोक पाडायचं, वेबकॅम चिकटवायचा, झालं.

डब्या आणायला मी सदाशिव पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत गेलो.

"नुसत्या डब्या हव्यात?" मालकांनी विचारलं.

"हो."

"रोल नको?"

"नको."

"मग आम्ही रोल कशात ठेवायचे? खिशात?"

दिल्या मात्र. वर म्हणाले, "चंद्राचे फोटो काढताय, काढा. आम्ही पासपोर्टचे काढतो. तेही हलतात."

गच्चीवरची आमची कामाची वाटणी अशी होती. मी दुर्बीण हलवायचो. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि पडद्यावर उजेड पडू नये म्हणून डोक्यावरून जाड सोलापुरी चादर ओढून घ्यायचे. चंद्र सारखा सरकत असतो, दुर्बिणीला मोटर नव्हती. त्यामुळे चादरीच्या आतून आवाज यायचे... "आला... आला... हां... गेला!" की मी परत नळकांडं ढकलायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथे काहीतरी वेगळंच चाललंय.

आणि लांबून पाहणारे होतेच. लिमये काका. बी-विंगमध्ये सातव्या मजल्यावर मुलगा-सुनेकडे राहायचे. जन्म सदाशिव पेठेत गेलेला आणि आता हडपसरला येऊन पडलेले. आपल्याला हद्दपार केलंय असंच त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती की ए-विंगमधले भाडेकरू दुर्बीण लावतात, त्यामुळे रहिवाशांना संकोच होतो. मी एकदा जिन्यात त्यांना समजावलं, "काका, आम्ही फक्त चंद्र बघतो हो."

"चंद्राची हरकत नसेल. माझी आहे," एवढं बोलून ते निघून गेले.

आता त्या संध्याकाळबद्दल.

डिसेंबर होता. अष्टमीचा चंद्र, म्हणजे सूर्य मावळतो तेव्हा अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. दुर्बिणीचं तोंड एखाद्या चिमणीसारखं सरळ वर आभाळाकडे. अजून पुरेसा उजेड होता. शेजारच्या लॉनवर लग्न होतं आणि डीजे असा वाजत होता की गच्चीची फरशी पायाखाली थरथरत होती. चंद्रावरचे खड्डे पडद्यावर छान दिसत होते. मग नेहमीप्रमाणे चादरीतून आवाज आला, "गेला."

मी नळी जराशी ढकलली. "आला?"

काही नाही.

"बाबा, आला का?"

"राहुल," चादर म्हणाली, "चंद्रावर माणूस दिसून राहिला."

मला वाटलं, मस्करी करतायत. पण बाबा मस्करी करत नाहीत. मी चादरीत डोकं घातलं.

पडद्यावर एक माणूस होता. उलटा... फरशी वर, माणूस तिला खालून चिकटलेला. आता आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, त्यात काही विशेष नाही. पण तो माणूस होता! पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डोक्यावर तपकिरी माकडटोपी, टोपीला गोंडा. आडवा पडलेला, आणि एक हात वरखाली होत होता. हातात चप्पल. ती तो एका पाइपवर आपटत होता. आवाज अर्थातच नाही. मागे काळी पाण्याची टाकी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं. बाबांनी लॅपटॉप उचलून सरळ उलटा धरला. अक्षर वाचता आलं. 'बी'.

"हे तर लिमये," बाबा म्हणाले.

मी दुर्बिणीकडे पाहिलं. ती आभाळाकडेच तोंड करून उभी होती. वर चंद्र. बास.

"बाबा, हे कसं काय..."

"कसं काय ते मागून पाहू. पळ!"

आम्ही पळालो. चार जिने खाली, मग बी-विंग, आणि लिफ्ट नेमकी बंद. बाबा मागून येत होते, चादर खांद्यावर तशीच. गच्चीचं दार वाऱ्याने आपटून गच्च बसलं होतं. दोघांनी मिळून ते ढकललं. टाकीच्या मागे, भिंत आणि पाइपांच्या मधल्या बोळात लिमये काका पडले होते. पायजमा पट्ट्यापट्ट्यांचा. टोपी तपकिरी. हातात चप्पल.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही? आता इथेही आलात?"

वॉचमनने व्हॉल्व्ह नीट बंद केला नसणार, या खात्रीने काका स्वतः पाहायला वर आले होते आणि पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. घरचे सोलापूरला लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशी यायचे होते. मोबाइल घरात चार्जिंगला. ओरडून ओरडून घसा बसला, पण डीजेपुढे कोण ऐकणार? आम्ही त्यांना चादरीत घालूनच खाली आणलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, या वयात अख्खी रात्र थंडीत काढली असती तर कठीण होतं.

आता तुम्हाला वाटेल, सोसायटीने आमचा सत्कार केला असेल.

सोसायटीने मीटिंग बोलावली. विषय एकच... तुम्हाला कळलं कसं?

मी खरं काय ते सांगितलं. मग चेअरमन पाटील चारचौघांना घेऊन आमच्या गच्चीवर गेले आणि परत आले. चार मजली इमारतीवरून सात मजली इमारतीच्या गच्चीवरचं दिसूच शकत नाही, दिसते ती फक्त भिंत. याचा त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आम्ही बी-विंगच्या गच्चीवर कुठेतरी छुपा कॅमेरा बसवला आहे! तिथे बायका वाळवणं घालतात. पोलिसांत जायची भाषा सुरू झाली. नोकरी, भाड्याची जागा, आणि 'दुर्बीणवाला' म्हणून होणारं नाव... सगळं डोळ्यापुढे आलं.

पाटील तसे माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला आणि बाबांना बाजूला घेतलं. "गुरुजी, एक सुचवू का? तुम्ही फक्त म्हणा, दृष्टांत झाला. देवाची कृपा. लोकांना ते पटतं. एक सत्यनारायण घालू आणि मिटवून टाकू. मुलाचं आयुष्य आहे."

मी बाबांकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, म्हणा बाबा. एक शब्द तर आहे. म्हणून टाका.

बाबा सगळ्यांसमोर जाऊन उभे राहिले. वर्गात राहायचे तसे, हात मागे बांधून.

"दुर्बीण चंद्राकडे होती. पडद्यावर लिमये दिसले. दोन्ही मी पाहिलं. का दिसले, मला माहीत नाही. पोलिसांत जायचं असेल तर चला, मी येतो, तिथंही हेच सांगीन. पण दृष्टांत म्हणणार नाही. 'माहीत नाही' ह्याला पूजा लागत नाही."

तेवढ्यात मागून वॉकरची टकटक आली. लिमये काका. ऑपरेशन होऊन आदल्याच दिवशी घरी आलेले, तरी मुलगा नको म्हणत असताना खाली आले होते.

"पाटील, मला एक सांगा. छुपा कॅमेरा लावायचाच तर माणूस तो टाकीच्या मागे लावेल का? तिथे माझ्याशिवाय कोणी जात नाही. आणि मी काय बघण्यासारखा आहे?"

आधी एक बाई हसल्या, मग सगळेच. विषय तिथेच संपला. जाता जाता मी काकांचे आभार मानले, तर म्हणाले, "तक्रार मागे घेतलेली नाही. गैरसमज नको."

आता आमच्या बाजूने जे जे तपासलं ते सांगतो. ती दुर्बीण समजा फिरून बी-विंगकडे वळली असती आणि मधली भिंत काचेची असती, तरी त्या वेबकॅममधून एवढ्या जवळचा माणूस अख्खा दिसत नाही. फार तर त्याचं एखादं बटण दिसेल, आणि तेही धूसर. लॅपटॉपला नेट जोडलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग नाही. बाबांना मी एकदा विचारलं, तर भडकले. "माणूस पडेल दिसल्यावर मी बटण दाबत बसू का?"

खुबा बरा झाल्यावर बाबा काकांकडे गेले आणि प्रयोग पुन्हा करू या म्हणाले. काका कधी नव्हे ते लगेच तयार झाले. त्यानंतर कितीतरी अष्टम्यांना हे दृश्य होतं. तिकडे सात मजल्यांच्या वर काका टाकीमागे गादी टाकून, माकडटोपी घालून, थर्मास घेऊन आडवे. इकडे बाबा चादरीत. मी नळी ढकलतोय. मोबाइलवर संवाद...

"दिसतोय?"

"नाही."

"चप्पल आपटू?"

"आपटा."

"आता?"

"खड्डे दिसून राहिले नुसते."

"मग मी चहा घेतो."

एकदाही काही दिसलं नाही. पण दोघांचा पत्त्यांचा डाव मात्र जमला. काका बाबांना 'गुरुजी' म्हणायला लागले आणि बाबा काकांना त्यांच्या तोंडावर "अडेलतट्टू" म्हणायला लागले.

मध्यंतरी मला वाटलं, उत्तर सापडलं. त्या काळात बिल्डर लोक नव्या स्कीमच्या जाहिरातीचे भलेमोठे चंदेरी फुगे हवेत सोडायचे. तसा एक आमच्या आसपास असायचा. तो जर नेमका दुर्बिणीपुढे आला असेल आणि त्याच्या चकचकीत पोटात बी-विंगच्या गच्चीचं प्रतिबिंब पडलं असेल तर? मी ऑफिसातून धावतपळत घरी आलो आणि बाबांना सांगितलं. इतके खूश झालेले बाबा मी फार दिवसांनी पाहिले. "वा! हे पाहा, हे असू शकते!" कागद घेतला, आकृती काढली, आरसे मांडले. मग पेन्सिल थांबली.

"दुर्बिणीत आरसे दोन. फुगा तिसरा. मग अक्षर आरशात दिसते तसं उलटं पाहिजे. आपण लॅपटॉप फिरवला तेव्हा 'बी' कसा होता?"

"सरळ," मी म्हणालो.

"हं."

त्यांनी कागदाची घडी घातली. आयुष्यभर बाबांनी लोकांचे दावे असेच एका प्रश्नात खोडून काढलेले मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा खुललेला असायचा. त्या दिवशी मात्र ते खिडकीशी जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. वाद जिंकून खट्टू झालेले बाबा मी पहिल्यांदाच पाहिले.

आजही आमच्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त एक लक्षात असू द्या... मला पटवणं सोपं आहे. शेवटी गाठ बाबांशी आहे, आणि हल्ली त्यांच्या शेजारी लिमये काकाही बसलेले असतात.