खुर्ची

मला जन्मात कशाचं व्यसन लागलं न्हाई. तंबाखू खातो, पण ती सवय आहे. शाळेत दुसरीच्या पुढं गेलो न्हाई, पण मन घट्ट. व्यसन लागतं ते कच्च्या मनाला, हे मी आमच्या पोराला, भागवतला रोज सांगायचो.

भागवत शिकून घरी बसलेला. नोकरीचे अर्ज भरायला म्हणून रोज परतूरला नेट क्याफेत जायचा. झोप न्हाई, जेवण न्हाई, बोललं की अंगावर यायचा.

"अहो, पोराचा जीव त्या डब्यात अडकलाय," बायको म्हणाली. "भाकर मोडताना बी बोटं टकटक करून राह्यलाय."

"उद्या कान धरून आणतो," मी म्हणालो.

गेलो. बघतो तर डब्यात रान! हा पठ्ठ्या त्यात पेरणी करून राह्यला. (घरच्या रानात याला धुरा कुठला, बांध कुठला ते ठाऊक न्हाई.)

"आन हे रानात खत कुणी टाकलं?"

"नागपूरची एक बाई हाय, आबा. वळख न्हाई."

"वळख ना पाळख, बाई आपल्या रानात राबून गेली, आन तू फुकट घेतलंस? सावड फेडली का?"

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी सावड बुडवली न्हाई.

"आबा, हा खेळ हाय. हितं सावड नसती."

"रान हाय तिथं सावड हाय. सरक."

बाईच्या रानाला खत घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचा हात आपल्या रानात. मंग पुन्हा फेडणं आलं. पुढं जयपूरचा एक माणूस येऊन राबून गेला. आता याला काय तोंड दाखवायचं? मी रोज पहिल्या जीपनं परतूरला. क्याफेत धड चालणारं मशीन एकच, आन त्याच्यावर मी.

"आबा, उठा की आता," मागं उभा भागवत म्हणायचा.

"थांब. एवढं नांगराचं तास होऊ दे."

तेवढ्यात घरची ज्वारी काढणीला आली, आन आभाळ भरून आलं. एक सर आली असती तरी वर्षाचं दाणं काळं पडलं असतं. त्या दिवशी शेजारच्या काशिनाथच्या रानात सावड, दुसऱ्या दिवशी आमच्या. तिकडं गेलो न्हाई तर इकडं कोण येणार? पण नागपूरच्या बाईचं पीक वाळून चाललं होतं. मी परतूर गाठलं.

भागवत माझ्या पाठीमागं ताटकळला, वैतागला, गावाकडं गेला आन विळा घेऊन काशिनाथच्या रानात उतरला. दुसऱ्या दिवशी अख्खी आळी आमच्या ज्वारीत. न्हवतो तो मीच. दुपारी भागवत क्याफेत आला.

"आबा, चला. सगळे आलेत, मालकच न्हाई."

"पाच मिनिटं."

त्यानं बटण दाबून डबा बंद केला. मी त्याच्या अंगावर गेलो. त्यानं तसाच जीपमधी घालून आणला. बांधावर उतरलो तेव्हा काशिनाथ कमरेवर हात ठेवून उभा.

"काय बापूराव, आज कुणाच्या रानात गेल्ता?"

ज्वारी कोरडी घरात आली. भागवत पुन्हा त्या क्याफेत फिरकला न्हाई. आता कुणाचं पोरगं कॉम्प्युटरला चिकटलं, की गावातले मलाच विचारायला येतात. मी सांगतो, बापाला त्याच्या खुर्चीवर बसवा. पोरगं बराबर सुटतं.

बापाचं काय, ते मला विचारू नका. नागपूरच्या बाईची एक सावड अजून राह्यलीय.