वीस माणसांमागे एक गटप्रमुख

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आमचे हे तोंडावर 'वहिनी' म्हणतात आणि पाठीमागे 'कात्री'. जाऊबाईंना ते ठाऊक आहे. "बोथट कात्री तर म्हणत नाहीत ना? मग झालं," एवढंच म्हणतात.

रोज देवापुढं दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, काय घडलं, देवाचे आभार कशाबद्दल मानायचे. या रविवारचं मात्र चार ओळींत मावेना. आणि लिहायला बसले तर आधी जाऊबाईच लिहाव्या लागल्या, कारण त्या कळल्याशिवाय रविवार कळायचा नाही.

त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला आहेत. तापलेल्या रुळांमधून चादर कडक होऊन बाहेर येते. ती दोघींनी टोकं धरून तीन हालचालींत घडी करायची. नवी बाई चौथी हालचाल करते तेव्हा जाऊबाई तिच्याकडे नुसत्या बघतात. घरीही तेच. संपत आलेला साबण नव्या वडीवर चिकटवायचा. टूथपेस्टची नळी पोट फाडून पुसून घ्यायची. शब्दसुद्धा जपून. त्यांचा फोन म्हणजे "हो", "नाही", "ठेवते". माझी आई म्हणाली होती, "तुझ्या जाऊबाई रागावल्यात का गं माझ्यावर?" मी म्हटलं, "नाही आई, तुझ्याशी तर त्या आज खूपच बोलल्या."

पण त्यांना कोणी कंजूष म्हटलं की मी भांडते. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी साठवलेली सगळी रजा माझ्या उशाशी बसून खर्च केली. कंजूष माणूस स्वतःचं राखतो. जाऊबाई दुसऱ्याचं राखतात.

आता सासऱ्यांचं. आमचे सासरे पस्तीस वर्षं शहराच्या पंपघरात होते. वाफेचे पंप, नदीचं पाणी वर टेकडीवरच्या टाकीत चढवायचे. ते अजून म्हणतात, "हे शहर माझ्या हातचं पाणी पिऊन मोठं झालंय." पंपघर बंद झालं तेव्हा त्यातला एक पंप विज्ञान संग्रहालयानं नेला. सासरे कधी बघायला गेले नाहीत. जाऊ की, जाऊ की, करता करता वर्षं गेली, आणि मागच्या महिन्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की नजरेच्या मधोमध डाग वाढतोय, तो वाढतच जाणार, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. सासरे घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "एकदा पंप चालताना बघायचाय."

माझे मोठे दीर लगेच म्हणाले, "चला ना बाबा, या रविवारी. तिकिटं मी काढतो."

"तिकीट?"

"संग्रहालयाला तिकीट असतं. जरा महागच आहे, पण..."

"त्याच्याजवळ उभं राहायला मला पगार मिळायचा," सासरे म्हणाले. "आता मीच पैसे मोजू? माझ्या नावाचं तिकीट काढलंत तर मी दारातून परत येईन."

दिरांनी समजावलं, यांनी समजावलं, मी देवाचं नाव घेऊन समजावलं. दगडावर पाणी. जाऊबाई मात्र सुट्टीच्या दिवशी एकट्याच बस पकडून संग्रहालयात गेल्या. म्हणजे आत नाही, दारापर्यंत. दारावरचा दरांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला, औषधाच्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतला आणि परत आल्या. संग्रहालय बघायला जाऊन नुसता फलक बघून येणारं माणूस जगात दुसरं नसेल.

फलकावर बऱ्याच वाटा होत्या. महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारनंतर सगळ्यांना फुकट. पण पंप फक्त रविवारी अकरा वाजता चालवतात, एकदाच, पंधरा मिनिटं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. पण अर्धं झालं तरी तिकीटच. आणि ज्यांची दृष्टी अधू, त्यांना नि त्यांच्या सोबत्याला फुकट, फक्त डॉक्टरांचा दाखला हवा.

ही वाट जाऊबाईंनी जेवताना सासऱ्यांपुढं मांडली. त्यांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे मी आंधळा आहे असा कागद हातात धरून माझ्याच पंपापुढं उभा राहू? पंपघरातल्या कोणाला कळलं तर? मला सगळं दिसतं. या वाटीचा टवका उडालाय, तोही दिसतो."

वाटी अगदी धड होती.

दोन दिवसांनी जाऊबाई चहा देताना म्हणाल्या, "बाबा, फलकावर अजून एक आहे. वीस जणांचा गट असला तर तिकीट निम्मं. आणि गटप्रमुखाला तिकीटच नाही."

"का नाही?"

"तो बघायला येत नाही. घेऊन येतो. माहिती सांगतो. त्याचं ते काम असतं."

सासऱ्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "माझा पांढरा शर्ट कुठंय?"

वीस माणसं मिळवणं सोपं नव्हतं. जाऊबाई तीन संध्याकाळी पंपघरातली जुनी माणसं शोधत जिने चढल्या. फिटर भेटला, कोळशावरचे दोघे भाऊ भेटले, पहारेकरी भेटला, व्हॉल्व्ह फिरवणारा भेटला. त्याला अजून सगळे व्हॉल्व्हवालाच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तिच्यासकट काहींच्या बायका तयार झाल्या. धुलाईघरातल्या चौघी आल्या, आम्ही घरचे होतोच. जाऊबाईंनी बोटांवर मोजलं. वीस.

रविवारी सगळे वेळेवर आले. मी पहाटेच देवापुढं हात जोडले होते, आज कोणाचं पोट बिघडू देऊ नकोस. देवानं तेवढं ऐकलं. अकराला वीस मिनिटं कमी असताना आम्ही तिकीट खिडकीशी उभे होतो. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून आम्हाला मोजलं.

"एकोणीस."

"वीस," जाऊबाई म्हणाल्या.

"गटप्रमुख धरून वीस. गटप्रमुख वेगळा हवा. वीस माणसं आणि वर तो."

जाऊबाई कधी चुकत नाहीत. पण ज्यांचं तिकीटच नाही त्यांनाही त्यांनी माणसांत मोजलं होतं, आणि ती चूक त्यांच्याच हातून व्हायची होती.

"मग वीस तिकिटांचे पैसे घ्या, आम्ही एकोणीस आत जातो," आमचे हे म्हणाले.

"मी माणसं मोजून तिकिटं देते. रिकाम्या जागेला तिकीट नाही."

दिरांनी पाकीट काढलं. "जाऊ दे, सगळ्यांची पूर्ण तिकिटं द्या."

सासऱ्यांनी ऐकलं. ते वळले आणि फाटकाकडे चालायला लागले. पांढरा शर्ट, ताठ पाठ. व्हॉल्व्हवाला त्यांच्यामागं धावला, "अहो मास्तर, थांबा तरी!"

जाऊबाईंनी मागच्या रांगेकडं बघितलं. आमच्यामागं एक बाई एकटीच उभी होती, खांद्याला पिशवी, हातात नोट तयार.

"एकट्याच आहात?"

"हो. का?"

"निम्म्या पैशांत आत यायचं का?"

त्या बाईंनी पिशवी घट्ट धरली. "कुठून?"

"इथूनच. आमच्यातून."

रांगेत खसखस पिकली. एकजण ओरडला, "मावशी, आम्ही सहाजण आहोत, आम्हालाही घ्या!" खिडकीतल्या बाईंनी चष्मा सारखा केला. "या तुमच्या कोण?"

मला वाटलं, जाऊबाई 'माझी नणंद' म्हणाल्या असत्या तर कोण विचारायला जाणार होतं? मी मनात म्हटलं, देवा, त्यांना खोटं बोलू देऊ नकोस, आणि बोलल्याच तर ते पाप माझ्या खात्यावर घाल.

"आत्तापर्यंत कोणी नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पण गट आधीपासून ओळखीचाच हवा, असं फलकावर नाही. मी तीनदा वाचलाय."

खिडकीतल्या बाई उठल्या, बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून स्वतःचाच फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग आत गेल्या. "बारा वर्षं इथं बसते," म्हणाल्या, "हे मला कोणी विचारलं नव्हतं," आणि धाडधाड शिक्के मारले. गटप्रमुखाचा एक पिवळा बिल्ला दिला. जाऊबाई तो घेऊन फाटकापर्यंत पळाल्या. धुलाईघरातल्या चौघी म्हणाल्या, जन्मात पळताना बघितलं नव्हतं.

बिल्ला लावल्यावर सासऱ्यांची चालच बदलली. पुढं ते, मागं आम्ही वीस. रांगेतल्या त्या नव्या बाईंना कळलं की हे पंपघरातले, तशा त्या म्हणाल्या, "बरे सापडलात! आमच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी पाणी चढायचंच नाही. माझं सगळं बालपण बादल्या वाहण्यात गेलं."

"माझा पंप बरोबर होता," सासरे मागं न बघता म्हणाले. "व्हॉल्व्ह नीट उघडला नसेल. तो व्हॉल्व्हवाला तुमच्या शेजारीच चाललाय, त्याला विचारा."

आत मोठं दालन होतं, काचेचं छप्पर. सासरे सरळ एका यंत्रापुढं जाऊन उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "तर मंडळी, हा आमचा पंप." ते छापखान्याचं यंत्र होतं. बाकीचे अजून दारात होते, जवळ फक्त जाऊबाई आणि मी. जाऊबाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. "डावीकडं बाबा. पंधरा पावलं." त्यांनी पावलं मोजली, कठडा हाताला लागला तसा घट्ट धरला.

अकरा वाजले. तेलकट डगला घातलेल्या एका मुलीनं वाफ सोडली. फुस्स झालं, जमीन हलकेच थरथरली आणि पंप चालू झाला. सगळे पुढं सरकले. सासऱ्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. मग अगदी हळू म्हणाले, "मोठे, चाक दिसत नाही गं मला. काळं काहीतरी हलतंय."

जाऊबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि बोलायला लागल्या.

"चाक माझ्या दुप्पट उंच आहे. हिरवं रंगवलंय, कडा लाल. सहा आरे. आता जोरात फिरतंय, आरे एकमेकांत मिसळलेत. डाव्या हाताला पितळी झाकण आहे, घासून लख्ख, त्यात छपराची काच दिसते. त्यातून एक दांडा बाहेर येतो, हातभर, आत जातो, परत येतो. त्याच्या टोकाला लोखंडी ठोकळा आहे, तो रुळावर घसरतो."

"क्रॉसहेड म्हणतात त्याला."

"क्रॉसहेड पुढं आला. किंचित थांबला. गेला मागं. वर दोन गोळे गरगर फिरतायत, चाक जोरात गेलं की एकमेकांपासून लांब होतात."

"तो गव्हर्नर, वेग सांभाळणारा. तो आहे ना जागेवर?"

"आहे. एका गोळ्याला पोचा आहे."

"तो फिटरनं पाडलाय! हातोडा निसटला होता!" सासरे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की फिटर मागून ओरडला, "अहो चाळीस वर्षं झाली त्याला!"

जाऊबाई थांबल्या नाहीत. नळ्या, खिळे, तेलाच्या कुप्या, जमिनीवरच्या लाद्या, सगळं. ज्या बाई फोनवर तीन शब्दांत भागवतात, त्यांनी त्या पंधरा मिनिटांत हातचं काही राखलं नाही. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका चुलीपाशी उभी आहे, पण त्यांच्याकडं इतके शब्द आहेत हे मला माहीत नव्हतं.

मध्येच सासऱ्यांनी हात वर केला. "थांब. डावीकडं कोरडं वाजतंय. क्रॉसहेडचे खालचे रूळ बघ."

"उजवा चमकतोय. डावा चमकत नाही."

"ए पोरी!" त्यांनी डगल्यातल्या मुलीला हाक मारली. "डाव्या रुळाला तेल पोचत नाही. कुपीतली वात बघ, तिच्यातूनच तेल उतरतं."

ती वाकून बघते तर खरंच वात सरकली होती. तिनं ती सारखी केली, तेल घातलं. मला तर आधीचा नि नंतरचा आवाज एकच वाटला, पण फिटर, पहारेकरी, कोळशावरचे भाऊ, सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. मुलगी हात पुसत कठड्याशी आली. "आजोबा, एवढ्या लांबून कसं दिसलं तुम्हाला?"

पंपघरातली सगळी माणसं आजूबाजूला उभी होती. सासऱ्यांनी बिल्ला सारखा केला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नजर गेली माझी. मी ऐकलं. बघितलं ते हिनं. ही माझी मोठी सून. आज हिच्या डोळ्यांनी पंप बघतोय, आणि माझे डोळे चांगले होते तेव्हाही इतका नीट बघितला नव्हता."

व्हॉल्व्हवाला कठड्याशी सरकला. म्हणाला, "मास्तर, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. सांगितलं नव्हतं कोणाला." पहारेकरी म्हणाला, "आणि माझे दात सगळे खोटे." मग सगळेच एकदम हसले, आणि जाऊबाईंनी पदरानं नाक पुसलं.

परतीच्या बसमध्ये सासरे खिडकीशी बसले, शेजारी जाऊबाई, मी त्यांच्या मागच्या बाकावर. बस चौकातून वळली.

"आता काय आलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सायकलींचं दुकान. बंद आहे." जाऊबाईंचा घसा बसला होता. "दाराशी मांजर झोपलंय."

"कोणत्या रंगाचं?"

"करडं. एक पाय पांढरा."

"मग?"

"मग पूल."

"पाणी किती आहे नदीला?"

जाऊबाई सासऱ्यांवरून वाकल्या, काचेला कपाळ लावलं आणि सांगायला लागल्या.