माहेरचं माणूस यायचं होतं

जगभरातल्या तज्ज्ञांची परिषद मुंबईत भरली होती. विषय भारदस्त होता: उष्ण प्रदेशांतले आजार आणि सगळ्या जगाचं आरोग्य. शेवटच्या दिवशी त्यातली बसभर मंडळी बोईसरला येणार होती. सर्पदंशावरचं सत्र हॉटेलच्या थंडगार हॉलात घेण्यापेक्षा जिथे माणसांना साप चावतात तिथे घ्यावं, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. कल्पना चांगलीच होती, फक्त ज्याला ती सुचली त्याने बोईसरचा रस्ता पाहिला नसावा. बस कारखान्यांकडे निघालेल्या टँकरांच्या मागे अडकली आणि आम्ही सभागृहात बिस्किटं खात बसून राहिलो.

आम्ही म्हणजे मी, आई आणि बाबा. आईला मण्यार चावली होती आणि तरी ती वाचली होती, म्हणून आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंनी तिला बोलायला बोलावलं होतं. मी पालघरला कॉलेजात इंग्रजी शिकवते, तेव्हा भाषांतर माझ्या गळ्यात. बाबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत येऊन बसले, इतकंच.

तो प्रसंग आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाला होता की मला तोंडपाठ होता. बऱ्याच वर्षांपूर्वीचा पावसाळा. शिरगावच्या घरात उकडतं म्हणून आई पडवीत जमिनीवर झोपली आणि सकाळी उठली ती पोट धरून. जखम नाही, सूज नाही. मण्यारीचा दात लागलेला कळत नाही, हे आम्हाला फार नंतर समजलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं पित्त झालंय. मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली आणि इस्पितळात पोचेपर्यंत श्वास बंद पडत आला. नळी घालून तिला मशीनला जोडलं. साप चावलाय हे तिथल्या डॉक्टरांच्याही ध्यानात आलं नाही. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या हलल्या नाहीत. मेंदू गेला, म्हणाले. घरी न्यायचं तर न्या.

बाबा म्हणाले, हाल नकोत, काढा मशीन. काका, काकी, आत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला माहेरचं माणूस आल्याशिवाय उचलत नाहीत. भावाने येऊन तिच्या अंगावर साडी घालायची, मग पुढचं सगळं. आईला एकच भाऊ, धाकटा, वैतरण्याजवळच्या गावात राहणारा आणि टेम्पो चालवणारा. तो येईपर्यंत मशीन राहू द्यायचं ठरलं आणि काकांनी त्याला फोन केला. निघालोच, म्हणाला, आणि आलाच नाही. आधी मनोरला टेम्पो बंद पडला होता, मग मेकॅनिक मिळत नव्हता, मग कसलासा पार्ट वापीहून यायचा होता. दुसरा दिवस मावळला तरी मामाचा पत्ता नाही. मनोरहून माणूस चालत आला असता, असं म्हणत बाबा इस्पितळाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. त्याच्या दुसऱ्या सकाळी नर्सला आईच्या पायाचा अंगठा हलताना दिसला. मग एकच धावपळ उडाली, कोणाला तरी विषाची शंका आली आणि काही दिवसांनी आई उठून बसली.

मामा उशिरा आला म्हणून आई वाचली, असं आम्ही भावंडं हसत म्हणायचो. बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. सख्खी बहीण मरायला टेकली असताना जो आला नाही तो कसला भाऊ, असं त्यांनी मामाला चारचौघांत सुनावलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. मामाने कधी एका शब्दाने सफाई दिली नाही. मला तो जरा शेळपटच वाटायचा. गेल्या श्रावणात तो गेला, तेव्हाही बाबा वाडीत काम आहे म्हणून घरीच राहिले.

बस आली, पाहुणे स्थिरस्थावर झाले. पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर अध्यक्ष होत्या. त्यांनी आईला विचारलं, मशीनवर असताना तुम्हाला काही समजत होतं का? मी प्रश्न मराठीत सांगितला आणि उत्तर इंग्रजीत तयार ठेवलं, कारण ते ठरलेलं होतं. मला काय आठवत नाय, असंच आई इतकी वर्षं सांगत आली होती.

आईने पदर सारखा केला. म्हणाली, "सगळं ऐकू येत होतं."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती शांतपणे मला म्हणाली, सांग त्यांना. मग मी सांगितलं आणि ती एकेक काढायला लागली. तिला पापणी उचलायची होती, बोट हलवायचं होतं, पण अंग तिचं ऐकत नव्हतं. डॉक्टर मेंदू गेला म्हणाले ते तिने ऐकलं. तिला नेसवायचा शालू कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे, यावरून काकी आणि आत्या तिच्या उशाशी भांडत होत्या, तेही ऐकलं. यावर सभागृह हसलं.

"ह्यांनी मशीन काढा सांगितलं, ते पण ऐकलं," आई म्हणाली.

मी इंग्रजीत फक्त 'घरच्यांनी' असं म्हटलं. बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांना माझ्या इंग्रजीची गरज नव्हती. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, अशा वेळी आधार कशाचा वाटला? देवाचा, असं काहीतरी येईल अशी माझी समजूत. आई म्हणाली, माझा भाव आला ना. मी हळूच तिला आठवण करून दिली की मामा नंतर आला, ती शुद्धीवर आल्यावर.

"त्याच्या आदी आला," ती म्हणाली. "तुमी सगळे खाली जेवायला गेलेलात. माझ्या कानाशी वाकला नि बोलला, बाय, मी अजून आलो नाय. मी आलो का हे तुला नेतील. तू हाल जराशी, मग मी येतो."

मामा मनोरला नव्हताच. तो सगळा वेळ इस्पितळाच्या मागच्या गल्लीत टेम्पोत बसून होता आणि तिथूनच फोनवर टेम्पो बंद पडल्याचं सांगत होता. आई बरी झाल्यावर त्याने तिला हे सांगितलं होतं.

मी अजून आलो नाही. इंग्रजीत हे वाक्य पाचवीतल्या पोरालाही जमेल. ते मी दोनदा प्रयत्न करून कसंबसं सांगितलं आणि मग पाहुण्यांचं भान न ठेवता मी आईला माझाच प्रश्न विचारला: इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"बोलले असते तं मला ऐकू येत होतं ते पण सांगायला लागलं असतं. मग ह्यांनी तोंड कुठं लपवलं असतं? भाव बोलला, तू गप ऱ्हा, मी खाईन बोलणी. आता तोच नाय."

मी हादरले, आणि मला तिचा भयंकर रागही आला. रोज सकाळी बाबांच्या हातात चहा देताना हिला हे ठाऊक होतं. एकाची लाज झाकायला तिने दुसऱ्याला आयुष्यभर बोलणी खाऊ दिली होती, आणि ज्याने खाल्ली त्याच्या मयताला आमचे बाबा गेले नव्हते. समोर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहीजण डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर बसच्या सावलीत उभे होते. आईभोवती परदेशी बायकांचा गराडा पडला होता, म्हणून मी एकटीच त्यांच्याजवळ गेले. पाणी हवं का विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

मग म्हणाले, "मी काढा बोललो, ते त्याला म्हाईत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. काकांनी फोनवर सांगितलं होतं त्याला, असं मी म्हणाले.

"दर भाऊबीजेला दारात आला का पयला माझ्या पाया पडायचा," बाबा म्हणाले. "मी पाय मागं घेयाचो."