माटोळीतलं फळ

चवथीच्या आधी बाबा मला सर्वणच्या डोंगरावर न्यायचे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं बांधायची, ती आमची माटोळी. कवंडाळ कुठे पिकतं, कुड्याच्या शेंगा कशा ओळखायच्या, हे बाबांनीच शिकवलं. त्या नादानेच मी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले.

यंदा त्याच डोंगरावर मला एक दुर्मीळ वेल सापडली. तिच्या जातीची दुसरी कुठेच दिसली नाही, आणि तिला एकच हिरवं फळ. हरखून मी घरी फोटो दाखवला. मूर्खच मी! बाबांनी मागचा कातळ ओळखला.

चवथीला घरी आले, तर ते फळ माटोळीच्या मधोमध.

"तुझ्यासाठी आणलं गो," बाबा म्हणाले. चढून चढून त्यांचा गुडघा सुजला होता. बी धरायच्या आत तोडलेलं फळ काही परत वेलीला लागत नाही.

तेवढ्यात शेजारची काकी माटोळी बघायला आली.

"सांग गो, हिला ह्याचं शास्त्रीय नाव सांग," बाबा छाती फुगवून म्हणाले.

गणपतीपुढे जोडलेले हात तसेच ठेवून मी नाव सांगितलं.

"पुढच्या वर्षी आमच्या माटोळीलाही एक आण हां, बाय," काकी म्हणाली.